फोर्ट अलाबामा ते फोर्ट फॉस्टर: हिल्सबरो नदीवरचा दोन वर्षांचा मेढेकोट

गारगोटी (धागाकर्ता)

फ्लोरिडात टँपाच्या ईशान्येला, झेफरहिल्सच्या दक्षिणेला सहा मैलांवर हिल्सबरो नदीच्या काठी एक लाकडी कोट उभा आहे. आज दिसतो तो १९८० साली नव्याने बांधलेला. मूळ कोट डिसेंबर १८३६ चा, आणि त्याच जागी त्याआधी मार्च १८३६ मध्ये आणखी एक कोट होता. पहिल्याचं नाव फोर्ट अलाबामा, दुसऱ्याचं फोर्ट फॉस्टर. पहिला जेमतेम दीड महिना टिकला. दुसरा १८३८ साली कायमचा सोडला, आणि त्याआधीही १८३७ चा उन्हाळा तो ओसाडच होता.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८२३ च्या मोल्ट्री क्रीक करारात सेमिनोल लोकांना, म्हणजे फ्लोरिडातल्या मूळ रहिवाशांना, मध्य फ्लोरिडात हटवलं. १८३० च्या कायद्यानंतर त्यांना तिथूनही उठवून मिसिसिपीच्या पश्चिमेला न्यायचा घाट घातला गेला. लष्कराची दोन ठाणी आधीपासून होती: टँपाच्या खाडीवर फोर्ट ब्रूक (१८२४) आणि आत, आजच्या ओकालाजवळ, फोर्ट किंग (१८२७). मध्ये सुमारे १०० मैलांची कच्ची लष्करी वाट. त्या वाटेला आडवी येणारी पहिली मोठी नदी म्हणजे हिल्सबरो.

डिसेंबर १८३५ मध्ये मेजर फ्रान्सिस डेड शंभरावर माणसं घेऊन फोर्ट ब्रूकहून निघाला. सहा पौंडी तोफ ओढणारे बैल पहिल्याच टप्प्यात बसले, तोफ मागे राहिली, मग घोडे मिळवून ती आणली. नदीवर पोचले तर पूल जळालेला. २८ डिसेंबरला सेमिनोलांनी जवळजवळ सगळी तुकडी कापून काढली. त्याच दिवशी फोर्ट किंगबाहेर सेमिनोल पुढारी ओसिओलाने सरकारी एजंट वायली थॉम्प्सनला मारलं. दुसरं सेमिनोल युद्ध सुरू झालं ते असं.

आता माझा मुद्दा. या कोटाचं वर्णन जिथे तिथे 'सीमेवरचा किल्ला' म्हणून येतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे वेढे, हल्ले, तटावरची झुंज उभी राहते. माझ्या मते ते साफ चूक आहे. हा कोट एक पूल आणि काही पिंपं राखायला बांधला होता, आणि पूल-पिंपांचं काम संपल्यावर सोडला. जाणकारांनी भर घालावी: बांधणी, रसद, रोगराई, काहीही.

---

खुंटी

छान विषय. एक शंका. याला किल्ला म्हणायचं का? ना बुरूज, ना तट, ना खंदक. आजच्या कोटाचे फोटो पाहिले, त्यांत तर नुसतं लाकडी कुंपण दिसतंय.

---

गारगोटी

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: मेढेकोट. मेढी म्हणजे जाड खांब. ते एकाला एक लावून रोवले की मेढेकोट. घाईच्या मोहिमेत उभारायचा, गरज सरली की सोडायचा. इंग्रजी 'फोर्ट' मध्ये चुन्यात बांधलेल्या सेंट ऑगस्टीनच्या किल्ल्यापासून चार ओंडक्यांच्या आडोशापर्यंत सगळंच येतं, म्हणून घोळ होतो. फोर्ट इझार्ड तर नुसती आडव्या ओंडक्यांची छातीएवढी भिंत होती. फेब्रुवारी-मार्च १८३६ मध्ये जनरल गेन्सची फौज तिच्याआड आठवडाभर अडकून पडली आणि शेवटी स्वतःचे घोडे खायची पाळी आली.

---

नकाशेवाला

फोर्ट फॉस्टर सेमिनोलांनी दारूगोळ्यासकट उडवून दिला ना? असं वाचल्याचं आठवतं. आणि तो डेडच्या रणभूमीवरच बांधला होता का?

---

गारगोटी

दोन्ही नाही.

डेडची रणभूमी बरीच उत्तरेला, आजच्या बुशनेल गावाजवळ. हा कोट हिल्सबरो नदी ओलांडायच्या जागी.

स्फोट झाला तो फोर्ट अलाबामाचा, आणि तो लष्करानेच घडवून आणला. मार्च १८३६ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉटने तीन बाजूंनी फौजा आत घुसवायचं ठरवलं: क्लिंच फोर्ट ड्रेनहून, युस्टिस पूर्वेकडून व्होलुशियाहून आणि कर्नल विल्यम लिंडसे फोर्ट ब्रूकहून. लिंडसेबरोबर अलाबामाचे स्वयंसैनिक होते. वाटेत नदीवर त्यांनी कोट घातला, आजारी माणसं आणि जादा सामान तिथे ठेवलं आणि पुढे गेले. कोटाला नाव आपल्याच राज्याचं दिलं. तिन्ही फौजांना शत्रू धड सापडला नाही. शिधा संपला आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिघेही टँपाला येऊन टेकले.

एप्रिलअखेर कोट रिकामा करताना दारूकोठाराच्या दाराला भरलेली बंदूक अशी जोडून ठेवली की दार उघडलं की चाप ओढला जाईल. माणसं बाहेर पडली आणि काही वेळातच मागून स्फोट ऐकू आला. आत कोण सापडलं ते पाहायला कोणी परत गेलं नाही. परतीच्या वाटेवर थोनोटोसासाजवळ याच तुकडीवर हल्ला झाला आणि तिची माणसं पडली. थोनोटोसासा या नावाचा अर्थ 'गारगोटी सापडते ती जागा' असा सांगतात. माझ्या आयडीचा त्याच्याशी संबंध नाही. :)

---

सुतारपक्षी

बांधणीवर लिहितो. फोर्ट फॉस्टरच्या मूळ मोजमापांपेक्षा वर्षभराने बांधलेल्या फोर्ट ख्रिसमसची मापं हिशोबाला सोयीची आहेत. जनरल युस्टिसच्या सुमारे २००० माणसांनी २५ डिसेंबर १८३७ ला काम सुरू केलं, म्हणून ते नाव. कोट ८० फूट बाय ८० फूट, पाइनच्या उभ्या मेढींचा, आणि कोपऱ्यांवर २० बाय २० फुटांची दोन बुरुजघरं, म्हणजे ओंडक्यांची पहाऱ्याची घरं. थोड्याच दिवसांत उभा.

इतक्या लवकर कसं? हिशोब करू. चार बाजू मिळून ३२० फूट. मेढ १० इंच जाडीची धरली तर बुरुजघरांची बाजू वजा न करता ३८४ मेढी. उंची जमिनीवर १२ फूट आणि जमिनीत ३, म्हणजे १५ फुटी ओंडका. ओल्या लाँगलीफ पाइनचा असा एक ओंडका सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. सहा माणसांनी आडव्या दांड्यांवर उचलायचा नाहीतर बैलाने ओढायचा. ३८४ झाडं तोडायला पन्नास कुऱ्हाडी असल्या तरी माणशी आठ झाडं. चर ३ फूट खोल, २ फूट रुंद, ३२० फूट लांब, म्हणजे १९२० घनफूट माती, तीही वाळू. शंभर जणांना अर्ध्या दिवसाचं काम. २००० माणसांत निम्मी पहाऱ्याला लावली तरी हात उरतात. वेळ जातो तो बुरुजघरांना.

क्रम साधारण असा:

आधी दोरीने चौकोन आखायचा आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत का बघायचं. कोपरा तिरका गेला की बुरुजघराच्या भिंती जुळत नाहीत. मग चर. ओंडक्याची साल काढायची, कारण सालीखाली ओल धरते आणि भुंगेरे पोखरतात. बुंध्याची जाड बाजू खाली, शेंडा कुऱ्हाडीने टोकदार. मेढी चरात उभ्या करून एकमेकींना चिकटवायच्या. आतल्या बाजूने वरून तीन-चार फुटांवर एक आडवी पट्टी. गिरमिटाने भोकं पाडून लाकडी खुंट्यांनी ती प्रत्येक मेढीला जखडायची. ही पट्टी नसली तर एक मेढ ढिली झाली की शेजारच्या दोन हलायला लागतात. शेवटी चर भरायचा, पण एकदम नाही. अर्धा फूट माती टाकायची, धुमसाने ठोकायची, पुन्हा अर्धा फूट.

काय बिघडतं? एक, फ्लोरिडाच्या सखल जमिनीत तीन फुटांवर पाणी लागतं आणि वाळूच्या चराच्या कडा ढासळतात. म्हणून नदीकाठ हवा, पण काठावरचा उंचवटा. दोन, ओलं लाकूड वाळलं की आकसतं आणि दोन मेढींमध्ये बोट जाईल एवढी फट पडते. त्यावर आतून बारीक वासे ठोकावे लागतात. तीन, आणि हेच मुख्य: पाइनचा गाभा राळेने भरलेला असतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. बाहेरचा पांढरा भाग मात्र जमिनीलगत काही वर्षांतच कुजतो. वाळवी आधी येते. लहान वयाच्या झाडात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड जास्त. घाईत तोडलेली झाडं बहुतेक तशीच असतात, कारण ती उचलायला हलकी.

---

खुंटी

बुरुजघरं दोनच का? चार कोपरे आहेत ना?

---

सुतारपक्षी

समोरासमोरच्या, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांत घालायची आणि तटाच्या रेषेबाहेर जरा पुढे काढायची. प्रत्येक बुरुजघरातून दोन भिंतींच्या बाहेरच्या अंगावर नजर आणि मारा चालतो. दोन गुणिले दोन, चारही भिंती झाल्या. चार बुरुजघरं बांधण्यात दुप्पट मेहनत जाते आणि मारा तेवढाच राहतो. फोर्ट फॉस्टरच्या पुनर्बांधणीतही दोनच आहेत.

---

चिलखत

जंग्यांबद्दल एक बारकावा. बऱ्याच चित्रांत बंदुकीची भोकं छातीच्या उंचीवर काढलेली दिसतात. तसं केलं तर बाहेरून येणारा त्याच भोकात नळी खुपसून आत बार टाकू शकतो. म्हणून जंगी बाहेरच्या जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या वर ठेवायची आणि आत उभं राहायला मातीचा किंवा फळ्यांचा ओटा करायचा. आपल्याकडे ज्याला फांजी म्हणतात तेच. भोक दोन मेढींच्या सांध्यावर करवतीने पाडायचं, बाहेर अरुंद आणि आत पसरट, म्हणजे बंदूक डावी-उजवीकडे फिरते.

आणि लाकूड पुरतं का? इथे पुरलं. सेमिनोलांकडे तोफा नव्हत्या आणि दहा इंची ओंडक्यातून तेव्हाच्या बंदुकीची गोळी आरपार जात नाही. तोफ असलेल्या शत्रूपुढे असा कोट तासाभरात पडला असता. खरी भीती आगीची. म्हणून भोवतालची झाडं आणि झुडपं गोळीच्या टप्प्याइतकी साफ करायची. १८१६ च्या नमुन्याची चकमकी बंदूक धरली तर नेम लागण्याजोगा टप्पा शंभर यार्डांच्या आतबाहेर. साफ केलेल्या पट्ट्याचा दुसरा उपयोग म्हणजे सरपण.

चकमकी बंदुकीचं दुखणं म्हणजे दमट हवा. कानातली दारू ओलसर झाली की ठिणगी पडूनही बार होत नाही. डेडच्या माणसांनी तर थंडीमुळे काडतुसाच्या पेट्यांवरून जाड कोट चढवून बटणं लावली होती. पहिला बार आला तेव्हा हात पेटीपर्यंत पोचायलाच वेळ लागला. कोठारातली दारूही तशीच: पीप महिनोनमहिने एकाच बाजूवर पडून राहिलं की सोरा ओल धरतो आणि दारूचा गठ्ठा होतो. म्हणून पिंपं ठरावीक दिवसांनी लोळवून बाजू बदलायची. दारूकोठारात लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या वापरायचा रिवाज होता, तो ठिणगीच्या भीतीने.

---

नकाशेवाला

म्हणजे कोट भक्कम होता. मग सोडला का?

---

बैलगाडा

त्याआधी कोट का बांधला हे रसदीच्या अंगाने बघू, म्हणजे सोडण्याचं कारणही कळेल.

तेव्हाचा शिपायाचा रोजचा शिधा ठरलेला होता: १८ औंस पीठ किंवा पाव आणि पाऊण पौंड खारवलेलं डुकराचं मांस, किंवा त्याऐवजी सव्वा पौंड ताजं गोमांस. शिवाय दर शंभर शिध्यांमागे ८ क्वार्ट घेवडा, ४ पौंड कॉफी, ८ पौंड साखर, ४ क्वार्ट व्हिनेगर, २ क्वार्ट मीठ, ४ पौंड साबण, दीड पौंड मेणबत्त्या. कॉफी-साखर आली १८३२ साली, रोजच्या दारूच्या जागी.

शंभर माणसांच्या शिबंदीला म्हणजे दिवसाला सुमारे २३० पौंड, महिन्याला ७००० पौंड. पिठाचं पीप १९६ पौंडांचं आणि मांसाचं २०० चं, तेव्हा महिन्याला पिठाची १७-१८ आणि मांसाची ११-१२ पिंपं. वाळूच्या रस्त्यावर सहा खेचरांच्या गाडीत २००० पौंड धरू, तेही भरपूर झालं. साडेतीन गाड्या. हे झालं एका ठाण्याचं.

आता खेचरं काय खातात ते बघा. डोक्यामागे रोज नऊ पौंड दाणा धरला तर एका गाडीला ५४ पौंड. फोर्ट ब्रूक ते फोर्ट किंग १०० मैल. रोज बारा मैल गाठले तर आठ दिवस जायला, आठ यायला. सोळा दिवसांत ८६४ पौंड दाणा, म्हणजे गाडीतल्या मालातला चाळीस टक्क्यांहून जास्त हिस्सा ओढणारी जनावरंच फस्त करणार! पूल जळालेला असला आणि नदीवर दोन दिवस मुक्काम पडला तर आणखी शंभर-सव्वाशे पौंड गेले. चारा मध्ये मिळतो, पण फौजा जाऊन आलेल्या रस्त्याच्या कडेला लवकर काही उरत नाही.

यावर एकच तोड: वाटेवर दोन-तीन मुक्कामांच्या अंतराने कोठारं भरून ठेवायची. फोर्ट ब्रूकहून वीस-पंचवीस मैलांवरचा हा कोट म्हणजे असं पहिलं कोठार. दोन दिवस जायला, दोन यायला, दाणा २१६ पौंड. बाकी सगळा माल पुढे. त्याच्याही पुढे विथलाकूची नदीवर फोर्ट डेड, तेच काम. त्यामुळे गारगोटी म्हणतात ते पटतं. कोटाच्या आत सगळ्यात महत्त्वाची इमारत म्हणजे कोठार. बुरुजघरं त्याच्या राखणीला.

---

गारगोटी

अगदी. म्हणूनच डिसेंबर १८३६ मध्ये जनरल थॉमस जेसपने मोहिमेची सूत्रं हाती घेतल्यावर पहिल्या कामांत हे धरलं: हिल्सबरोवर पूल पुन्हा घालणं आणि शेजारी कोट. काम लेफ्टनंट कर्नल विल्यम फॉस्टरच्या माणसांनी केलं, नाव त्याचंच लागलं.

आणि शिबंदी कोणाची? नौदलाची! लेफ्टनंट थॉमस लाइबच्या हाताखाली खलाशी ठेवले. समुद्रापासून इतक्या आत, दलदलीतल्या लाकडी कोटात खलाशी बघून नवल वाटेल. पण स्वयंसैनिकांच्या नोकरीची मुदत संपत होती, कायम फौज अपुरी होती आणि जेसपला चालती पलटण मोहिमेला हवी होती. वेस्ट इंडिया आरमाराच्या कमोडोर डॅलसने माणसं उसनी दिली. पूल राखणं आणि पिंपं मोजणं खलाशाला जमतं. पिंपं तर त्यांच्या हातातलीच.

---

चिलखत

आणि ते हुशारीचं होतं. त्याच हिवाळ्यात मरीन दलाचा मुख्य अधिकारी आर्चिबाल्ड हेंडरसन स्वतः फ्लोरिडात मोहिमेवर होता. मिळेल तो माणूस वापरायचे दिवस.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. 'कोटांवर हल्ले झालेच नाहीत' असं कोणी समजू नये. ८ फेब्रुवारी १८३७ ला मनरो तलावाकाठच्या छावणीवर किंग फिलिप आणि त्याचा मुलगा कोआकूची यांनी पहाटे हल्ला केला. कॅप्टन चार्ल्स मेलन मारला गेला. तलावातल्या आगबोटीवरून तोफ डागली, तिचाही उपयोग झाला. पुढे त्या ठाण्याला फोर्ट मेलन नाव पडलं. पण पाहा, हल्ला झाला तो तट पुरा होण्याआधी. एकदा मेढी उभ्या राहिल्या की सेमिनोल सहसा त्यांच्यावर डोकं आपटत नसत. पूल, टपालवाले, गाड्यांचे तांडे, मळे, हे त्यांचं लक्ष्य. अबियाका आणि ओसिओला या दोन्ही सेमिनोल पुढाऱ्यांना कळत होतं की कोट घ्यायची गरज नाही. रस्ता बंद केला की कोट आपोआप उपाशी.

---

पाणथळ

नकाशेवाला यांच्या प्रश्नाचं उत्तर: ताप.

या युद्धात अमेरिकेच्या कायम फौजेचे १४६६ जण मेले, त्यांत लढाईत पडलेले ३२८. उरलेले बहुतेक रोगाने. लष्करी कागदपत्रांत मे-जून ते ऑक्टोबर हा काळ 'आजाराचा हंगाम' म्हणून गृहीत धरलेला असे.

फोर्ट ड्रेन बघा. क्लिंचच्या उसाच्या मळ्यावर १८३५ अखेरीस घातलेला, बारा फुटी मेढींचा, ऐसपैस. १८३६ च्या उन्हाळ्यात तापाने शिबंदी इतकी आडवी झाली की जुलै-ऑगस्टमध्ये कोट सोडावा लागला. लगेच ओसिओलाची माणसं तिथल्या उभ्या मळ्यात शिरली. म्हणजे तट अभंग, आत धान्य, आणि तरी कोट गेला.

फोर्ट फॉस्टरची जागा तर तापाला आमंत्रणच. पुलाशेजारी राहायचं म्हणजे नदीच्या काठी, आणि हिल्सबरोच्या दोन्ही अंगांना सायप्रसची दलदल. सुतारपक्षी यांनी सांगितलेलं सगळंच डासांच्या पथ्यावर: मेढींसाठी झाडं तोडली की उघड्या जमिनीवर डबकी होतात, माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी साठतं, आणि बंद तटाच्या आत वारा फिरत नाही. जून १८३७ मध्ये शिबंदी उठवली, ऑक्टोबरात थंडी लागल्यावर पुन्हा आली.

तेव्हाच्या डॉक्टरांचं मत होतं की कुजक्या वनस्पतींच्या दूषित हवेने ताप येतो. म्हणून उपाय काय, तर रात्री दारं बंद, धुरी, उंच जागा. गंमत अशी की धुरी आणि उंच जागा खरंच उपयोगी पडतात, फक्त कारण वेगळं. डासाचा संबंध १८९७ साली रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत दाखवला, म्हणजे कोट सोडल्यावर जवळजवळ साठ वर्षांनी. क्विनाइन १८२० पासून माहीत होतं, पण आधी रेच, रक्त काढणं वगैरे करून मग थोडकं द्यायची पद्धत. भरपूर मात्रा लगेच द्यायला लष्करी डॉक्टर शिकले ते याच युद्धाच्या अखेरच्या वर्षांत. फोर्ट फॉस्टरच्या शिबंदीला त्याचा फायदा मिळाला नाही.

---

खुंटी

मग उन्हाळ्यात सेमिनोलांना ताप येत नसे का?

---

पाणथळ

येत असणारच. पण ते एका जागी शंभर-शंभरच्या गर्दीने, नदीला चिकटून, बंद आवारात राहत नव्हते. वस्त्या दलदलीतल्या उंच बेटांवर, विखुरलेल्या. शिवाय उत्तरेकडून नव्याने आलेल्या रंगरुटाच्या अंगात मलेरियाविरुद्ध काहीच ताकद नसते. दरवर्षी नवी भरती, दरवर्षी नवा ताप.

---

बैलगाडा

१८३७ च्या उन्हाळ्यात कोट सोडणं परवडलं याचं आणखी एक कारण आहे. ६ मार्च १८३७ ला फोर्ट डेडवर तह झाला. सेमिनोल पश्चिमेला जायला तयार झाले, बरोबरच्या काळ्या साथीदारांसह जाऊ देण्याचं कलम त्यात होतं. फोर्ट ब्रूकजवळच्या छावणीत शेकडो माणसं जमली. रस्त्यावर धोका राहिला नाही असं लष्कराला वाटलं आणि ठाणी हलकी केली. मळेवाल्यांनी पळालेल्या गुलामांवर हक्क सांगायला सुरुवात केली, विश्वास उडाला, आणि २ जूनच्या रात्री ओसिओला आणि अबियाका छावणीतल्या सुमारे ७०० जणांना घेऊन निघून गेले. युद्ध पुन्हा पेटलं ते नेमकं आजाराच्या हंगामात. म्हणून फौजा ऑक्टोबरपर्यंत बसून.

---

नकाशेवाला

आणि १८३८ मध्ये काय बदललं? तेव्हा तर युद्ध संपलं नव्हतं.

---

गारगोटी

युद्ध दक्षिणेला सरकलं. ऑक्टोबर १८३७ मध्ये ओसिओलाला पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करताना पकडलं. ३० जानेवारी १८३८ ला तो फोर्ट मोल्ट्रीत वारला. २५ डिसेंबर १८३७ ला ओकीचोबी तलावाशी झॅकरी टेलरची मोठी लढाई झाली, लष्कराची २६ माणसं मेली आणि ११२ जखमी. उरलेले सेमिनोल एव्हरग्लेड्सच्या बाजूला गेले. फोर्ट ब्रूक-फोर्ट किंग वाटेवरून मोठी रसद जायची बंद झाली, मग हिल्सबरोचा पूल राखायचा कशाला? पूल गेला की कोटाला काम नाही.

पुढे टेलरने हाच प्रकार घाऊक केला. त्याच्या हाताखाली नवी ५३ ठाणी, ८४८ मैलांचे गाडीरस्ते आणि ३६४३ फूट पूल व भराव झाले. १८३९ मध्ये तर वीस-वीस मैलांचे चौकोन पाडून प्रत्येकात एक ठाणं ठेवायची कल्पना निघाली. बहुतेक ठाण्यांचं आयुष्य महिन्यांत मोजावं असं. फोर्ट ख्रिसमस तर बांधल्यावर काही महिन्यांतच सोडला होता. काही नावं तेवढी शहरांना चिकटली: फोर्ट लॉडरडेल हे १८३८ सालच्या मेजर विल्यम लॉडरडेलच्या ठाण्याचं.

---

खुंटी

आज जे दिसतं ते मूळ जागेवर आहे का? आणि दोनशे वर्षांनी लाकडाचा पत्ता कसा लागतो?

---

सुतारपक्षी

फोर्ट फॉस्टर मूळ जागीच, हिल्सबरो रिव्हर स्टेट पार्कच्या हद्दीत. १९७२ मध्ये जागा राष्ट्रीय नोंदवहीत आली आणि १९८० मध्ये पुनर्बांधणी झाली: तट, दोन बुरुजघरं, कोठार, दारूकोठार आणि नदीवरचा पूल. फोर्ट ख्रिसमसची १९७७ ची प्रतिकृती मात्र मूळ जागेपासून थोडी दूर आहे.

लाकूड जातं, पण चर राहतो. मेढ कुजली की तिच्या जागी काळपट माती भरते, आणि आजूबाजूच्या फिकट वाळूत ती गोल डागासारखी दिसते. वरचा थर खोऱ्याने हलकेच, पातळ-पातळ खरवडला की डागांची रांग उघडी पडते. एका सरळ रेषेत दहा-दहा इंचांवर डाग आले की तो तटच. कोपरा सापडला की काटकोन धरून पुढची बाजू कुठे असेल ते सांगता येतं. बुरुजघर ओळखायचं ते रांगेतल्या खंडावरून, कारण त्याचे ओंडके आडवे, जमिनीवर ठेवलेले. त्यांचा चर नसतो. तिथे खिळे, बटणं, शिशाच्या गोळ्या आणि फुटक्या बाटल्या यांच्या दाटीवरून अंदाज घ्यावा लागतो. धातुशोधक यंत्र घेऊन कोणी हौशी आधी फिरून गेला असेल तर तीही दाटी बिघडते, आणि मग बुरुजघर कुठल्या कोपऱ्यात होतं हे ठरवायला काही उरत नाही. सरकारी उद्यानात परवानगीशिवाय असं यंत्र चालवायला बंदी आहे ती यासाठी.

---

चिलखत

फोर्ट अलाबामा आणि फॉस्टर एकाच जागी, मग दोघांचे डाग वेगळे कसे ओळखायचे?

---

सुतारपक्षी

एक चर दुसऱ्याला कापतो तिथे कळतं. नंतरचा चर आधीच्या डागातून सलग जातो, आधीचा तुटलेला दिसतो. शिवाय अलाबामाचं दारूकोठार उडालेलं. तिथली माती भाजून तांबूस झालेली असणार, कोळसा आणि वाकलेले खिळे एका बाजूला फेकलेले. फॉस्टरच्या माणसांनी तो खड्डा तसाच ठेवून शेजारी बांधलं की भरून वर बांधलं, ते मातीचे थर बघूनच सांगता येतं.